उणा चढ

"दोन बिंदू दिले की रेष आपोआप ठरते," असं म्हणत सुदाम सरांनी फळ्यावर पट्टी टेकवली आणि खडू ओढला.

रेष पहिल्या बिंदूतून नीट निघाली. दुसऱ्या बिंदूजवळ पोहोचली तेव्हा मात्र ती चांगली चार बोटं त्याच्या खालून निघून गेली. सरांना ते कळलं नाही. ते वळले, हातावरची खडूची भुकटी झटकली आणि म्हणाले, "आता सांगा, ही उभ्या अक्षाला कुठे शिवते?"

दहावीचा वर्ग गप्प होता. मागच्या बाकावरचा तुषार एरवी सरांच्या शिंकेलाही हसायचा, पण आज तोही हसला नाही. पहिल्या बाकावरची निलम त्या एकट्या पडलेल्या बिंदूकडे बघत राहिली.

"एकाला शिवते, सर," ती म्हणाली.

"शाब्बास. म्हणजे अंतःखंड एक. आणि चढ?"

"दोन."

"कसा काढलास?"

"आडवे दोन गेलो तर उभे चार चढलो. चार भागिले दोन."

सरांनी मान डोलावली आणि फळ्यावर लिहिलं, वाय बरोबर दोन एक्स अधिक एक. समीकरण अचूक होतं. शेजारची रेष मात्र दुसऱ्याच कुठल्या समीकरणाची होती.

घंटा झाली. टेबलाची कड चाचपत सर दाराकडे निघाले. चौकट त्यांच्या खांद्याला लागली, पण रोजचीच गोष्ट असल्यासारखे ते बाहेर पडले.

तुषार उठून फळ्याशी गेला. "निलू, सरांना हे टिंब दिसलंच नाय काय?"

"टिंब दिसलं असणार. त्यांनीच काढलं ना," निलम म्हणाली. "रेष नाय दिसली."

तिने अंदाजाने सांगितलं होतं, पण ते खरं होतं.

सुदाम धोडी विवळवेढ्याच्या पुढे, हायवेपासून थोड्या आत असलेल्या या शाळेत वीसेक वर्षं गणित शिकवत होते. राहायला आशागडला. वडील चिमण चिकूच्या वाड्यांमध्ये कामाला होते. घरातला शिकून मास्तर झालेला सुदाम पहिलाच, आणि त्याचं इतकं कौतुक की म्हातारी आईसुद्धा शेवटी शेवटी त्याला 'सर' म्हणायला लागली होती.

कॉलेजात असल्यापासून त्यांना अंधारात कमी दिसायचं. ते त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. मग दिवसाही माणसं अंगावर येऊन आदळायला लागली, तेव्हा बायको जयवंती त्यांना वलसाडला मोठ्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर गुजराती, पण मराठीत समजावून बोलले. "डोळ्याचा पडदा कडेकडून सुकत येतोय. एकदम जाणार नाही. आधी कडेचं जाईल, मधलं शेवटी." औषध आहे का, असं जयवंतीने विचारलं. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

तेव्हा खिडकीतून बघावं तसं दिसायचं. पुढे बांगडीतून बघितल्यासारखं झालं. आता तर दोऱ्याच्या रिळाचं भोक डोळ्याला लावावं, तसं. एका वेळी फळ्यावरचा एक बिंदू दिसे. दुसरा बघायला मान वळवावी लागे, आणि तोवर पहिला निघून गेलेला असे.

हे फक्त जयवंतीला माहीत होतं. मोटारसायकल विकली तेव्हा त्यांनी कंबरदुखीचं कारण सांगितलं. सकाळी जयवंती त्यांना आशागडच्या नाक्यावर रिक्षात बसवून द्यायची, रिक्षावाला पुढे जीपमध्ये. शाळेत ते सायकलींना अडखळत, पाण्याच्या पिंपावर आपटत. शिक्षकांच्या खोलीत कुजबुज सुरू झाली की धोडी सर घ्यायला लागलेत. कुजबुज सरांच्या कानावर आली होती. त्यांनी ती खोडून काढली नाही. खरं कळलं तर ऑफिसात एका खुर्चीवर बसवून ठेवतील, पोरं समोरून जातील आणि कोण गेलं तेही कळणार नाही, या भीतीपुढे ती कुजबुज त्यांना बरी वाटत होती.

पुढच्या आठवड्यात ते दहावीच्या तासाला आले, फळ्यावर हात ठेवला आणि थबकले. बोटांना दोरा लागला होता.

बारीक सुतळी होती, फेव्हिकॉलने चिकटवलेली. एक फळ्याच्या मधोमध आडवी गेलेली, एक उभी. दोन्हींना सारख्या अंतरावर गाठी होत्या. सरांचं बोट गाठीवरून गाठीवर सरकत मध्यावर आलं. तिथली गाठ इतरांपेक्षा मोठी होती.

"हे काय?"

"रोज अक्ष काढायला टाइम जातो, सर," मागून तुषार म्हणाला. "म्हणून फिक्स करून टाकले."

"आणि गाठी?"

"एक गाठ म्हणजे एक. वरती अधिक, खालती उणे."

"कोणी केलं?"

"सगळ्यांनी," निलम म्हणाली.

सर फळ्याकडेच तोंड करून उभे राहिले. जरा वेळाने ते खाकरले आणि म्हणाले, "शून्याची गाठ मोठी बांधलीत. चांगलं केलंत."

त्या दिवसापासून त्यांचा तास बदलला. पट्टी त्यांनी बाजूला ठेवली. बिंदू गाठींवरून मोजून देत, आणि तिथून एका पोराला सुतळीचा तुकडा ताणून धरायला लावत. तोच त्या दिवसाचा चढ. दहावीच्या पुस्तकात चढापर्यंतच होतं, अंतःखंड पुढच्या वर्गात येतो, पण सर दोन्ही एकत्रच शिकवायचे. नुसता चढ सांगितला तर रेष कुठली ते कळत नाही, असं ते म्हणत.

"सोमी, लावणी करताना भाताचं रोप केवढं होतं तुमच्याकडे?"

सोमी लाजली. "एक वीत असेल, सर."

"ती वीत म्हणजे अंतःखंड. मोजायला लागलो तेव्हाच जेवढं होतं तेवढं. मग दर आठवड्याला किती वाढलं?"

"चार बोटं."

"तो चढ. आता मला सांग, शेत न बघता तुला सांगता येईल का, पाचव्या आठवड्यात रोप केवढं असेल?"

सोमीने बोटं मोजली. "येईल, सर."

"बघितलं नाही तरी?"

"बघायला कशाला पायजे? सुरुवात माहीत हाय, वाढ माहीत हाय."

सर हसले. ते इतकं मनापासून हसले की तुषारने निलमकडे बघितलं.

एकदा खिडकीबाहेरच्या महालक्ष्मीच्या डोंगराकडे हात करून त्यांनी विचारलं, "वर जाताना चढ. आणि दर्शन करून येताना?"

"उतार!" सगळा वर्ग ओरडला.

"गणितात उतार नसतो. उणा चढ म्हणतात. पाय तेच, वाट तीच, फक्त आधी एक उणं लागलं."

दिवाळीनंतर त्यांनी सराव पुस्तकातली उदाहरणं घ्यायला सुरुवात केली. पुस्तक नाकाशी धरून, मान हळूहळू सरकवत ते एकेक अक्षर टिपायचे. एका उदाहरणात समीकरण वाचून त्यांनी चढ दोन आणि अंतःखंड पाच सांगितला, आणि गाठी मोजून पाचापासून उजवीकडे वर जाणारी रेष घेतली.

"बरोबर ना?"

वर्ग क्षणभर थांबला. "बरोबर, सर."

आवाज नेहमीपेक्षा बारीक आला. जेवणाची सुट्टी जवळ आली होती, पोरांना भूक लागली असेल, असं त्यांना वाटलं.

त्या धड्यावर त्यांनी चाचणी घेतली. पेपर ते घरी न्यायचे, आणि रविवारी दुपारी जेवणं झाली की जयवंती एकेक पेपर वाचून दाखवायची. ती अंगणवाडी सेविका होती, आकड्यांची तिला सवय होती. ती वाचायची, सर ओटीवर भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकायचे आणि मार्क सांगायचे. बरोबरची खूण ती करायची.

"चौथा प्रश्न. चढ दोन, अंतःखंड पाच."

"बरोबर."

"ह्याचंही तेच. दोन आणि पाच."

"बरोबर. पोरांना जमलंय."

शेवटच्या, निलमच्या पेपरवर जयवंती थांबली. "इथं काहीतरी खोडलंय."

"काय?"

"चढ दोन लिहिलाय. त्याच्या आधी छोटी आडवी रेघ होती. ती खोडलीये. चांगली दाबून खोडलीये."

सरांनी डोळे उघडले. "पुस्तक आण. चौथा प्रश्न म्हणजे त्यातलं वर्गात घेतलेलं चौथं उदाहरणच, पुस्तकात बघून सोडवायला दिलं होतं."

जयवंतीने पुस्तक आणून पान काढलं. "वाय बरोबर उणे दोन एक्स अधिक पाच."

"परत वाच."

"उणे दोन एक्स," ती हळू आवाजात म्हणाली.

"तुषारचा बघ."

"दोन. रेष वर गेलीये."

"सोमीचा?"

"तिचाही दोन."

"सगळे बघ. उणं कोणाचंच नाही?"

तिने सगळे पेपर परत चाळले. खरं तर तिला त्याची गरज नव्हती. ती फक्त उत्तर लांबवत होती. "नाही," ती शेवटी म्हणाली. "कोणाचंच नाही."

उतरणारी रेष त्यांनी चढवली होती, आणि सगळा वर्ग त्यांच्यामागून चढला होता. पुस्तक प्रत्येकाच्या समोर होतं. उणं प्रत्येकाला दिसलं होतं.

"पोरांनी तुमचं मन राखलं," जयवंती म्हणाली.

"हो," सर म्हणाले. बाहेर कुणाच्या तरी अंगणात मिरच्या वाळत घालायचं चाललं होतं, त्या बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. जयवंतीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तो तिथेच धरून ठेवला.

"वलसाडहून आलो तेव्हाच सांगायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

"तेव्हा तुम्हाला जमलं नसतं."

"आता जमेल?"

"ते मला काय विचारता?" ती म्हणाली. "तुमच्या मनात ठरलंय ते."

सोमवारी तासाच्या आधी त्यांनी निलमला व्हरांड्यात बोलावलं.

"उणं का खोडलंस?"

निलमने खाली मान घातली. ते त्यांना दिसलं नाही, पण ती बोलत नाही हे कळलं.

"तुला येत होतं. आधी बरोबर लिहिलं होतंस."

"तुम्ही वर्गात दोन सांगितला होता, सर."

"मी चुकलो होतो."

"माहीत होतं," ती म्हणाली. "सगळ्यांना माहीत होतं. तुषार बोलला, कोणी उणे लिहायचं नाय. सरांना कळेल, मग त्यांना वाईट वाटेल."

"अगं, बोर्डाचा पेपर तपासणाऱ्याला मी माहीत नाही, निलम."

"मग आम्ही काय करायचं? हात वर करून बोलायचं काय, सर, तुम्हाला नाय दिसलं?"

"हो. तेच बोलायचं."

निलमने ओढणीने नाक पुसलं. "आम्हाला नाय जमणार, सर. तुम्ही दुसरं काय पण सांगा."

सर तिच्या आवाजाच्या दिशेने बघत राहिले. ती हट्ट करत नव्हती. खरं तेच सांगत होती. ही पोरं सुतळीच्या गाठी बांधतील, वाटेतली दप्तरं उचलतील, पण चुकलात म्हणणार नाहीत. आणि त्यांना तसं म्हणायला लावणं म्हणजे रोज एकदा रडवणं.

ते वर्गात गेले. "चौथं उदाहरण परत घ्यायचंय," ते म्हणाले. "समीकरण निलम वाचेल. मी चुकीचं वाचलं होतं. मला दिसत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आता मीही तुम्हाला सांगितलं."

निलमने वाचलं. सोमीने सुतळी पाचावर धरली, तुषारने दुसरं टोक. एक घर उजवीकडे, दोन घरं खाली. सरांनी ताणलेल्या सुतळीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"उतरली, सर," तुषार म्हणाला.

"उतरली," सर म्हणाले. "सगळ्यांनी पेपरात दुरुस्त करा."

मधल्या सुट्टीत ते मुख्याध्यापिका निर्मला मॅडमच्या खोलीत गेले. बसा म्हटल्यावर खुर्ची चाचपून बसले आणि वलसाडपासून चौथ्या उदाहरणापर्यंत सगळं सांगून टाकलं.

"लोक तुमच्याबद्दल काय बोलायचे, ठाऊक आहे ना?" त्या शेवटी म्हणाल्या.

"ठाऊक आहे."

"मीपण बोलले असेन. आणि तुम्ही ते चालवून घेतलंत?"

"प्यायलेला माणूस दुसऱ्या दिवशी बरा होतो, मॅडम."

निर्मला मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या म्हणाल्या, "नोकरीची काळजी करू नका. तसा कायदा आहे, कोणी काढू शकत नाही. जिल्हा रुग्णालयातून दाखला आणावा लागेल. मी येते तुमच्याबरोबर, हवं तर. आणि दहावी तुमच्याकडेच राहू दे. पोरं तुम्हाला सांभाळून घेतायत."

"म्हणूनच नको," सर म्हणाले. "बोर्डाचं वर्ष आहे. पोरं मला सांभाळत बसली तर शिकतील कधी?"

"मग काय करणार? ऑफिसात बसणार?"

"नाही." हे मात्र त्यांनी पटकन म्हटलं. "पाचवी द्या मला. लहान पोरं तोंडावर सांगतात."

जानेवारीत पालघरहून नवे सर आले आणि दहावीचं गणित त्यांच्याकडे गेलं. पाचवीचा वर्ग दहावीला लागूनच होता, मध्ये एकच भिंत. पहिल्या दिवशी सुदाम सर पाचवीत आले तेव्हा पलीकडचा तास सुरू झाला होता.

"स्लोप म्हणजे काय?" नवे सर विचारत होते. आवाज तरुण होता, खणखणीत.

"चढ!" सगळे एकदम म्हणाले.

"हां, चढ. आणि समीकरणातला हा शेवटचा आकडा?"

"अंतःखंड, सर." ही निलम होती. मागोमाग सोमी काहीतरी म्हणाली, ते नीट ऐकू आलं नाही. मग तुषारने काही विचारलं आणि वर्ग हसला, नवे सरही हसले. सुदाम सर हजेरीवर हात ठेवून उभे होते. ते हसणं सरेपर्यंत ते तसेच उभे राहिले.

मग ते पाचवीकडे वळले.

"मला दिसत नाही," ते म्हणाले. "थोडं दिसतं, पण त्याचा उपयोग नाही. त्यामुळे या वर्गात फळ्यावर तुम्ही लिहायचं."

पाचवीला त्याचं काही विशेष वाटलं नाही. एक मुलगी म्हणाली, "मग तुम्ही आम्हाला ओळखणार कसे?"

"आवाजावरून. आता तू बोललीस ना, तुझं नाव काय?"

"जमना."

त्याबरोबर सगळा वर्ग उठला. सर, मी जीवन! सर, मी काळी! सर, माझा आवाज ऐका, मी हाल्या! एवढा गोंगाट झाला की पलीकडच्या वर्गात क्षणभर शांतता पसरली. सर दोन्ही हात वर करून हसत होते. "एकेक, अरे एकेक!"

पोरं बसल्यावर त्यांनी खडू पुढे धरला. "आज कोण लिहिणार?"

बाक सरकल्याचा आवाज आला. अनवाणी पावलं जवळ आली आणि एका छोट्या, गार हाताने त्यांच्या हातातला खडू घेतला.

"काय काढू?" जमनाने विचारलं.

"एक आडवी रेष."

"केवढी?"

"तुला हवी तेवढी."

फळ्यावर खडू टेकला आणि निघाला. सर कान देऊन उभे राहिले. आवाज त्यांच्या डाव्या बाजूने निघाला, समोरून गेला, उजवीकडे लांब लांब जात राहिला, आणि थांबला.

"सर," जमना तिकडून म्हणाली, "फळा संपला."